मांडी घालून बसता येणारी गाडी

चहा उकळतोय तोवर ऐकून घ्या. ही फजिती दुसऱ्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. पाटोद्याच्या बाजारात ती फार मीठमसाला लावून सांगतात. अहो, किराणा माझा, मसाला माझा, आणि फोडणी दुसऱ्यांनी द्यायची? छे!

माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं शिक्षण दुकानात, तागडीपाशी झालं. पण विक्रीची विद्या अशी आली म्हणता! नुसतं मीठ न्यायला आलेल्या बाईला मी मीठ, मिठाची बरणी आणि बरणीवर घालायला विणलेला रुमालसुद्धा विकलेला आहे. असा मी. आणि माझ्याकडून काय झालं, ते ऐका.

तेव्हा आमच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती. माझे वडील, म्हणजे आप्पा, तिला ‘डबी’ म्हणायचे. घरातली माणसं त्या डबीत मावायची नाहीत. लग्नाला निघालो की निम्मं घर गाडीनं, निम्मं एस्टीनं. आणि पंगतीत पहिल्यांदा एस्टीवालेच बसलेले असायचे.

त्यात ती वर्षं कशी होती, आठवतं ना? सगळा बाजारच मोकळा सुटलेला. ज्यांनी फोनसाठी नंबर लावून आशा सोडली होती, त्यांच्या घरी फोन वाजायला लागले. टीव्हीवर रोज नवी गाडी. आणि रस्त्यानं त्या मोठ्या जीपगाड्या! उंच, रुंद, चहूबाजूंनी काचा. एखादी दुकानावरून गेली की माझ्या हातातली तागडी तशीच हलत राहायची. गिऱ्हाईक म्हणायचं, “काशिनाथशेठ, साखर सांडायलीय!”

मला ती गाडी हवी होती. आता आमच्या घरात आप्पांच्या ‘हो’शिवाय बादलीसुद्धा येत नाही, आणि आप्पांचं म्हणणं ठरलेलं.

“आपण उंच बसलो आन् गिऱ्हाईक मान वर करून बघाया लागलं, की त्याला आपला भाव जास्त वाटतो. डबीच बरी. आत कोन बसलंय ते दिसत बी न्हाई.”

शेवटी बीडच्या एका ओळखीच्या विक्रेत्यानं एक जीप दिवसभरासाठी दिली. “संध्याकाळपर्यंत फिरवा. पसंत पडली तर तुमची. न्हाईतर परळीचं गिऱ्हाईक दारात उभंय.” म्हणजे काय तर एकाच दिवसात आप्पांचा ‘हो’ मिळवायचा होता.

मी माझी सगळी विद्या पणाला लावली. आप्पांचे गुडघे दुखायचे. डबीत पाय लोंबते ठेवून त्यांना बसवायचं नाही. मी जीपचं मधलं दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि म्हणालो, “आप्पा, हितं मांडी घालून बसता येतं.”

आप्पा थांबले. सीट बघितली. दाबून बघितली.

“कपिलधारला जाऊ,” म्हणाले. “देवाचं दर्शन घेऊ, मग सांगतो. हो का न्हाई, ते तितंच.”

झालं! अर्धं गिऱ्हाईक पटलं!

थंडीचे दिवस. त्याच सकाळी आप्पांची पूजा झाली. कपाळावर, दंडावर भस्माचे ठळक पट्टे, पांढरं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. मधल्या सीटवर ते मांडी घालून ताठ बसले, गादीवर बसतात तसे. पण सीट नवी, घसरडी. वळणावर घसरू नयेत म्हणून मी त्यांना उपरण्यानं छातीपाशी सीटला बांधलं. वारा लागू नये म्हणून बायकोनं त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. देवासाठी घेतलेला मोठा हार पायापाशी ठेवता येत नाही, म्हणून तो आप्पांच्या डोक्यावरच्या हुकाला अडकवला. लोंबत लोंबत बरोबर त्यांच्या छातीवर आला.

बायको मागच्या बाकड्यावर. तिला नव्या गाडीच्या वासानं मळमळायला लागलं, म्हणून तिनं पदर तोंडाला घट्ट धरला, मान खाली. धुकं होतं, म्हणून मी दिवे लावले. धुकं सरलं तरी ते विझवायचं बटण मला सापडेना. एवढी मोठी गाडी कधी चालवलेली नाही, म्हणून बैलगाडीच्या चालीनं चाललेलो. टेपवर बारीक आवाजात भजन.

आता हे चित्र डोळ्यांपुढं आणा. मला तेव्हा आणता आलं नाही, तुम्ही तरी आणा.

पहिल्या गावात पारावर पत्ते चालले होते. आमची गाडी दिसली आणि पत्ते थांबले. माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली.

मी छाती फुगवली. बघा, गाडीचा रुबाब! डबीतून गेलो असतो तर कुणी कुत्रं तरी उठलं असतं का? मी मान लववून नमस्कार घेतला आणि आरशातून आप्पांकडे बघितलं. डोळे मिटलेले. म्हटलं, बसू द्या निवांत.

दुसऱ्या गावात पिठाची गिरणी भुकभुक करत होती. आम्ही जवळ आलो आणि ती बंद पडली. हॉटेलात रेडिओवर कसलंतरी दणदणीत गाणं चाललं होतं. कुणीतरी हात लांबवला, तेही बंद. एवढ्या मोठ्या रस्त्यावर आमच्या टेपमधलं भजन सोडलं तर आवाज म्हणून नाही. समोरून बैलगाडी येत होती. गाडीवान बैलांना कडेला घेऊन खाली उतरला आणि खाली मान घालून उभा राहिला. एक बाई दारातून पुढं आली, बोनेटवर मूठभर फुलं टाकली आणि मागं न बघता घरात गेली. दार लावलं. कडी घातल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला.

“नव्या गाडीची पूजा केली बघ,” मी बायकोला म्हणालो.

पण खरं सांगू? ते दार बंद झालं तेव्हा पहिल्यांदा मी मान लववून नमस्कार घ्यायचा विसरलो.

गावाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना उघडा माळ, वाळलेलं गवत, वर करड्या रंगाचं आभाळ. मधेच बायको पदराआडून म्हणाली, “अवो, मागं कोन हायत?”

आरशात बघितलं. एक सायकल. मागं दोन मोटारसायकली. त्यामागं एक टेम्पो. ओळीनं, गुपचूप.

मी गाडी कडेला घेतली, हात बाहेर काढून पुढं जायची खूण केली. कुणी पुढं येईना. मी आणखी हळू केली. तेही हळू झाले. मी वेग वाढवला. सायकलवाला उभं राहून पायडल मारायला लागला, पण घंटी वाजवेना. टेम्पोवाला हॉर्न वाजवेना. आपल्याकडचा टेम्पोवाला, आणि हॉर्न वाजवत नाही!

“काय पायजे आसंल वो त्यास्नी?”

“मला काय ठावं?”

“मग इचारा की!”

“तूच इचार!”

एका निंबाखाली मी गाडी थांबवली. मागं सगळे थांबले. इंजिनं बंद झाली, एकामागून एक. वारा पडलेला. माळावर पाखरूसुद्धा बोलेना. सगळी माणसं आपापल्या जागी उभी, हात जोडलेले. आणि नजर माझ्यावर नाही. माझ्यामागं गाडीच्या काचेवर.

मी धीर करून सायकलवाल्यापाशी गेलो. म्हातारा माणूस, गळ्यात रुद्राक्ष, आमच्या समाजातलाच दिसत होता.

“सावकार,” तो हळू आवाजात म्हणाला, “कवा?”

मला वाटलं, निघालात कधी असं विचारतोय. म्हटलं, “सकाळी. पूजा झाली आन् लगेच.”

“पूजा करून! भाग्यवान.” त्यानं डोळे मिटले. “तरास झाला का काई?”

“कसला त्रास? निवांत बसलेत.”

“ते दिसायलंच. लई झाक बसवलंय तुमी. मान सुदिक पडली न्हाई.”

मान?

“चार पावलं सोबत करावी म्हनलं. समाधी कपिलधारलाच द्यायची का?”

मंडळी, जे आमच्या समाजातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात माणूस गेला की त्याला झोपवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पडू नये म्हणून मागं टेकू देऊन कापडानं बांधतात. वाजतगाजत, भजन म्हणत, बसवूनच नेतात आणि बसवूनच समाधी देतात. हे मी जन्मापासून बघत आलो होतो, कित्येकांना खांदा दिलेला. आणि त्या सकाळी स्वतःच्या हातानं सगळं तंतोतंत करून, वर दिवे लावून मी निघालो होतो!

तुम्ही म्हणाल, मग तिथंच खुलासा करायचा. “अहो, आप्पा जिवंत आहेत,” म्हणायचं, हसायचं, निघायचं. कोणताही शहाणा माणूस तेच करील.

मी काय केलं? मला वाटलं, एवढी माणसं खोटं कशी बघतील? दोन गावं उठून उभी राहिली. गिरणी थांबली. ह्या सगळ्यांना दिसलं, आणि पुढं तोंड करून बसलेल्या मला एकट्याला दिसलं नाही. आप्पा शेवटचे कधी बोलले होते? घरून निघाल्यावर... आठवेना. काहीच आठवेना.

मी वळलो. काचेतून आप्पा दिसत होते. ताठ. डोळे मिटलेले. गालांवर आभाळाचा तो करडा उजेड. कानांत कापूस. तो कापूस बायकोनं घातल्याचं मला माहीत होतं हो! पण त्या क्षणी तो कापूस बघून मी गाडीकडे धावलो.

दार उघडलं. आप्पांच्या हाताला हात लावला. गार. उघड्या काचेच्या वाऱ्यानं गार पडला असेल, असा विचार करायला डोकं जागेवर पाहिजे ना!

“आप्पा...”

काही नाही. मी खांद्याला हलवलं. सगळं अंग एकदमच हललं आणि उपरण्याच्या ताणानं पुन्हा जागच्या जागी येऊन बसलं.

मागून माणसांची कुजबूज उठली, “शिवा... शिवा...”

आणि माझा बांध फुटला. मी सीटवर डोकं टेकलं आणि बोंब ठोकली, “आप्पा! न्हाई वो! मीच नेलं तुमाला! ह्या गाडीच्या हौसेपायी नेलं! नको मला गाडी! आत्ता परत करतो! डबीतच हिंडू जन्मभर, देवाशप्पत, पन उठा वो!”

टेपवरचं भजन संपलं. कॅसेटचं बटण खट्टकन उडालं.

आप्पांनी एक डोळा उघडला.

“कावून वरडायलास बे काशा? आलं का कपिलधार?”

पुढं काय झालं ते मी पूर्ण बघितलं नाही, कारण मी खाली बसलो होतो. पण टेम्पो उलटा, मागच्या मागं, जितक्या वेगानं गेला तितक्या वेगानं मी गाडी सरळसुद्धा चालवलेली नाही. मोटारसायकलवाले माळात घुसले. एकटा म्हातारा राहिला. तो पुढं आला आणि आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, “महाराज, परत आलात?”

“कुठून?” आप्पा म्हणाले.

बायकोनं तोंडावरचा पदर काढला. सासऱ्यांकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, मातीत बसलेल्या माझ्याकडे जास्त वेळ बघितलं. “मळमळ थांबली बाई,” म्हणाली.

म्हाताऱ्याची समजूत काढली, सायकलवर बसवून दिलं. आप्पांचं उपरणं सोडलं. कपिलधार गाठलं, दर्शन घेतलं, हार घातला. पूजा आप्पांनी मुद्दाम सावकाश केली, असा माझा संशय आहे.

बाहेर पायऱ्यांवर बसलो. धबधब्याची बारीक धार पडत होती. माझ्या जिवात जीव आला होता, आणि जिवात जीव आला की आमच्या तोंडात दुकान येतं. मी खाकरलो.

“आप्पा, झालं ते झालं. पन गाडीत झोप कशी लागली? हिसका न्हाई, दणका न्हाई. अशी झोप डबीत लागली आसती का? मग ठिवून घ्यायची न्हवं?”

आप्पा पाण्याकडे बघत होते. “मघा काय म्हनालास तू?”

“मघा? कवा?”

“‘नको मला गाडी. परत करतो.’ देवाची शपथ घेऊन.”

“तुमाला ऐकू आलं? कापूस होता की कानांत!”

“तू आसा वरडलास, बीडातल्या मानसाला बी ऐकू गेलं आसंल.”

“आप्पा, ते भीतीपायी निघालं. मला वाटलं, तुमी गेलात.”

“म्हंजी तू जित्या मानसाला शब्द दिला न्हाईस.”

“न्हाईच की!” मला वाटलं, सुटलो. “तेच तर म्हनायलोय!”

आप्पांनी कानातला राहिलेला एक बोळा काढला, नीट चिमटीत धरून बघितला आणि बाजूला टाकला.

“जित्याला दिला आसतास तर बसून काईतरी मागंपुढं केलं आसतं, काशा. मेलेल्यासंगं घासाघीस कशी करनार तू?”