डोलकाठीची पाचर

“ताई, हे मॉडेल मी नेऊ शकत नाही.”

कप्तानसाहेबांनी चष्मा काढला. साहेब मुंबईच्या एका सेलिंग क्लबाचे जुने खेळाडू. क्लबाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायला एका गाजलेल्या शर्यतीच्या नौकेचं सागवानी मॉडेल त्यांनी आमच्याकडून करून घेतलं होतं. ते न्यायला स्वतः आमच्या गावी, घाटनांदूरला आले होते.

आमचं घर बैलगाड्या करणारं. गाड्यांची गिऱ्हाईकं संपली, तशी मी आणि माझी धाकटी जाऊ शांता अशा मॉडेलांकडं वळलो. आजवर माल पुण्याचा व्यापारी उचलायचा आणि खाली स्वतःच्या नावाची पट्टी ठोकायचा. लई जळायचा जीव. या वेळी साहेबांचा शब्द होता, मॉडेल पास झालं तर पट्टीवर आमची नावं. पितळी पट्टी त्यांच्या बॅगेत तयार होती.

“काय चुकलं, साहेब?”

“शिडं पुढं फुगलीत, म्हणजे वारा मागून. मग झेंडा मागं कसा उडतोय?”

“पळत्या गाडीचा झेंडा मागंच उडणार की! जत्रेच्या जीपा बघा.” ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही.

“जीपला इंजिन असतं. ही वाऱ्याच्याच जोरावर पळते, वाऱ्याला मागं टाकत नाही.”

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात शांता फिसकन हसली.

“आक्का, उफणताना भूस कुणीकडं जातं? वाऱ्याच्या तोंडाकडं जातं व्हय?”

घ्या! दरसाल खळ्यावर उभी राहणारी मी, आणि हे सुचलं नाही.

आता झेंडा फिरवायचा कसा? डोलकाठी म्हणजे शिडं पेलणारा उभा खांब, आणि झेंडा तिच्याच लाकडातून कोरलेला. कापला की सगळंच गेलं.

“डोलकाठी चिकटवलेली असेल,” साहेब हळहळले. “उपटली तर तळ फुटेल. राहू द्या.”

“चिकटवलेली न्हाई, साहेब. पाचर हाय,” मी म्हटलं.

सासऱ्यांची शिस्तच तशी. ज्याच्यावर जोर येतो ते डिंकानं चिकटवायचं नाही, खाली लाकडाचा निमुळता तुकडा ठोकून घट्ट करायचं. व्यापारी हसायचा, “नौका करताय का बैलगाडी?”

शांतानं दोऱ्या सोडल्या, शिडं डोलकाठीला धरणाऱ्या कड्या सैल केल्या. मी खालची पाचर हळूहळू ठोकत बाहेर काढली. श्वास रोखून डोलकाठी अर्धी फिरवली. शिडं जागच्या जागी, झेंडा पुढं! पाचर परत ठोकली, शांतानं दोऱ्या ताणून बांधल्या.

साहेबांनी मॉडेलाभोवती एक चक्कर मारली.

“आता पळाली!” म्हणत त्यांनीच बॅगेतून पट्टी काढली आणि स्वतःच्या हातानं स्क्रू पिळले.

शांता पट्टीवरून बोट फिरवत राहिली. “आक्का, आपल्या घरात सुतार म्हणून बायकांचं नाव पहिल्यांदाच लागलं.” मला तिथंच रडू फुटलं, साहेबांसमोर.

हल्ली कुठलंही मॉडेल हातात घेतलं की मी आधी विचारते, वारा कुठून? पाचर मात्र सोडलेली नाही. चूक काय, पुन्हाही होईल.