रांगेच्या टोकाचा घोडा

आमच्या सिर नदीकाठच्या गावात बेकतुझकाका घोड्यावर निघाले की भांड्यांचं दुकान फिरायला निघाल्यासारखं वाटे. अंगावर चिलखत, घोड्यावर लोखंडी पाखर, त्याच्या तोंडावर लोखंडी मुखवटा. अशा स्वाराला सुलतानाकडून कुरण मिळतं. घोडा बाद झाला की कुरण जातं. काका-काकूंचं पोट त्या कुरणावरच होतं.

गेल्या हिवाळ्यात काकांचा घोडा, बोझ, दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला.

"त्यात काय," काका म्हणाले. "आम्ही गुडघ्याला गुडघा लावून धावतो. दोन्ही बाजूंना घोडे. मधल्याला बघायचंय काय?"

"आणि तुम्हाला तरी टोपातून काय दिसतं," काकू म्हणाली. "आंधळ्यावर आंधळा बसलाय."

नवरोजनंतर सुलतानाच्या अमीरानं फौजेतल्या घोड्यांची पाहणी केली. काकांनी दार लावून घरातच बोझला मुखवटा चढवला. दुसऱ्याच्या घोड्याच्या मुखवट्याला हात लावणं आमच्याकडे त्याच्या बायकोच्या ओढणीला हात लावण्यासारखं, त्यामुळे कुणी तो काढून डोळे बघेल ही भीती नव्हती. मैदानात घोड्यांच्या नाकासमोर लाल निशाणं फडकवली, तलवारी चमकवल्या. भलेभले घोडे बिचकले. बोझ आपला शांत उभा.

अमीर खूश झाला. "हा घोडा नाही, डोंगर आहे. याला उजव्या टोकाला घ्या. सगळी रांग याच्या मागून वळेल."

लोकांनी काकांचं तोंडभरून कौतुक केलं. मी मात्र ती टोकाची जागा बघत होतो. टोकाच्या घोड्याला एका बाजूला सोबत असते, दुसऱ्या बाजूला नुसतं माळरान. शिवाय वळण त्यानंच घ्यायचं.

काकांनी माळावर सराव करून पाहिला. मी उजवीकडून माझं तट्टू पळवलं की बोझ धावे. मी मागं राहिलो की थांबे आणि मान फिरवून हवेत हुंगत बसे.

"काका, सांगून टाका."

"काय सांगू? अमीरसाहेब, तुम्ही भर मैदानात आंधळ्याला शाबासकी दिलीत? कुरणाबरोबर मानही जाईल."

"मग आजारी पडा."

"मी पडलो तर घोडा दुसऱ्या स्वाराला देतील." काका बोझची आयाळ विंचरत होते. "त्या बिचाऱ्याला काही माहीतही नसणार. मला निदान माहीत तरी आहे."



उत्तरेकडून टोळ्या उतरल्याची बातमी आली आणि फौज निघाली. काका उजव्या टोकाला. बोझ सारखा डावीकडच्या घोडीला चिकटत होता.

"बेकतुझ," तिचा स्वार हसत म्हणाला, "तुझा म्हातारा माझ्या घोडीवर भाळलाय."

"भाळलाय खरा," काका म्हणाले. "तिला जरा जवळच ठेव बाबा."

त्याला ती थट्टाच वाटली. रांग हलली. काकू वेशीपाशी उभी होती, पण काकांनी वळून पाहिलं नाही. तो टोप चढवल्यावर मान वळत नाही.