लेलँडची कालवड

आर्डिस हॉगनला "आता जरा बसा" असं आयुष्यात एकाच माणसानं सांगितलं. तो गुरांचा डॉक्टर होता, नवीन होता, आणि ती तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. गाय अडली म्हणून त्याला फोन गेला होता. तो पोहोचला तेव्हा वासरू उभं राहून दूध पीत होतं आणि आर्डिस बादलीत हात धूत होती. "या वयात असलं करू नका हो, जरा बसा," तो म्हणाला. "बसते की," ती म्हणाली, "पण मग तू फोन केल्यावर लवकर यायला शीक." ही गोष्ट डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो, इतका तो तिला मानतो.

मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात तिला मानत नाही असं माणूस सापडायचं नाही. एकोणीस वर्षांची असताना ती आयनार हॉगनची बायको होऊन आली. बाप रेल्वेत तिकिटं विकायचा, त्यामुळे गाईचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, एवढंच काय ते ज्ञान. पहिल्याच हिवाळ्यात थंडी अशी पडली की वासरांचे कान झडायला लागले. हिनं चार वासरं उचलून घरात आणली, न्हाणीघरात टबमध्ये कोमट पाण्यात बसवली आणि सासूच्या ठेवणीतल्या टॉवेलांनी पुसून काढली. सासू आठवडाभर तोंड फिरवून होती. पण चारही वासरं जगली, तेव्हा उरलेले टॉवेल सासूनंच कपाटातून काढून दिले. त्याला आता बावन्न वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी आयनार गेला, तोही भर हिवाळ्यात. त्या दिवशीसुद्धा दुपारी गुरांना वैरण पडली. "गाईंना काय सांगू, आज सुट्टी आहे म्हणून?" असं म्हणत ती रडत होती आणि गवताचे गठ्ठे सोडत होती. तेव्हापासून दोनशे गुरं, सात घोडी आणि डोंगरापर्यंतचं रान ती आणि तिची मुलगी जोलीन, दोघीच सांभाळतात.

आता त्या टीव्हीवरच्या मालिकेचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळे झालं. हॅलोरन नावाचं एक बडं घराणं, त्यांची अफाट जमीन, आणि ती लाटायला टपलेले लोक. दर रविवारी आख्खं खोरं टीव्हीपुढे बसायचं आणि आख्खं खोरं नावं ठेवायचं. सगळ्यात जास्त नावं आर्डिस ठेवायची. "तीन वर्षांत अकरा माणसं मारली या लोकांनी," ती म्हणायची, "पण कुंपणाची एक तार कुणी ताणताना दिसलं नाही. त्यांच्या गाई खातात तरी काय?" एवढं बोलून एकही भाग चुकवायची नाही. त्या म्हाताऱ्या मालकाचा तिला मनातून आदर होता. जमीन राखायची तर माणूस असाच कडक हवा, असं तिला वाटायचं.

त्याच मालिकेचे लोक एक दिवस तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांना वासरांना तापल्या लोखंडानं डाग देण्याचं दृश्य खरंखुरं हवं होतं. मे महिना होता, हॉगनांची वासरं डागायची होतीच. शेजारीपाजारी मदतीला येतात, कुणी पैसे घेत नाही, पोटभर जेवतात आणि घरी जातात, अशीच आमच्याकडे रीत. दृश्य बसवणारी टॅम्सिन नावाची तिशीची पोर होती, चुणचुणीत, सारखी घड्याळ बघणारी. तिनं हॅलोरन घराण्याच्या डागाचं लोखंड करून आणलं होतं, एकदम चकचकीत. आर्डिसनं ते हातात घेऊन तोललं आणि परत दिलं.

"हे भिंतीवर लाव, पोरी. माझ्या वासरावर हे उठणार नाही."

"फक्त तीन वासरांवर, मॅडम."

"एकाही नाही. डाग म्हणजे मालकाचं नाव. उद्या बाजारात तपासनीस विचारेल, हॅलोरन कोण? मी काय सांगू, टीव्हीत असतात?"

टॅम्सिननं हात टेकले. ठरलं असं, की लोखंड धरून उभा राहील तो नट, कॅमेरा त्याच्या तोंडावर, आणि वासरावर डाग उठवेल आर्डिस, तिचा स्वतःचा. दोन रेघा आणि मध्ये कोयता, डाव्या मांडीवर. चार पिढ्यांत तो डाग कधी दुसऱ्याच्या जनावरावर उठला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

त्या दिवशी उजाडताच गुरं गोळा करून आणली. इथं एक गोष्ट आमच्यात शेंबडं पोरही चुकवत नाही. गुरं आणली की थांबायचं. घोड्यावर बसून, काही न करता, दोन-दोन तास. तेवढ्यात प्रत्येक वासरू आपापली आई हुडकून प्यायला लागतं. जे एकटं उरेल ते आपलं नाही, शेजारच्याचं आहे, आत शिरलंय. मग ते बाजूला काढायचं आणि उरलेल्यांना डागायचं. आमच्याकडची गुरं सगळी काळी, कानात बिल्ले कुणी लावत नाही, तेव्हा आई हीच काय ती खूण.

पण टॅम्सिनला मागच्या बर्फाच्या शिखरांवरचं कोवळं ऊन हवं होतं, आणि ते आठपर्यंतच राहणार होतं. ती दोनदा येऊन विनवून गेली. जोलीन घोडं जवळ आणून म्हणाली, "आई, थांबायचं ना?"

आर्डिसनं शिखरांकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं. "सगळी आपलीच आहेत. कुंपण मी स्वतः बघितलंय. चल, घे आत."

खरं सांगायचं तर तिला ते सगळं आवडायला लागलं होतं. सकाळपासून तिघांनी तिला सांगितलं होतं, की तुमच्यासारखा चेहरा आम्हाला शोधून मिळत नाही. उभ्या संसारात आयनारनं एकदाही असलं काही म्हटलं नव्हतं. माणूस आहे, जरा हुरळली.

दुपारपर्यंत चौऱ्याण्णव वासरं झाली. तो नट घामाघूम झाला, पण टिकला, आणि जेवताना त्यानं भाजलेलं मांस आणि बटाट्याचं सॅलड दोनदा मागून घेतलं. वासरं सोडली, आयांनी आपापली ओढून नेली, लोक हसतखेळत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस रानात गेली तर एक कालवड एकटीच उभी होती. पोट खपाटीला गेलेलं, ओरडून ओरडून आवाज बसलेला. आणि कुंपणापलीकडे, शेजारच्या लेलँड क्रेब्जच्या रानात, एक गाय तारेला छाती लावून हंबरत होती. तिची कास दुधानं तट्ट फुगली होती. झऱ्यापाशी खालची तार निसटलेली होती आणि तिला काळे केस अडकले होते. कालवडीच्या डाव्या मांडीवर ताजा डाग होता. दोन रेघा आणि मध्ये कोयता.

 आर्डिस तिथंच गवतात बसली.

दुसऱ्या कुणाची कालवड असती तर तिनं तिथूनच फोन लावला असता. पण लेलँडची निघावी ना. अकरा वर्षांपूर्वी अगदी हेच उलटं झालं होतं. दाट धुक्यात लेलँडच्या हातून हॉगनांचा एक गोऱ्हा डागला गेला. लेलँड स्वतः चालत आला, टोपी काढून दारात उभा राहिला. "आयनार, चूक झाली माझी. माझ्यातला कुठलाही गोऱ्हा निवड आणि घेऊन जा." आयनारची त्या महिन्यात तीन वासरं मेली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानं लेलँडला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पेंडीच्या दुकानात, आठ-दहा लोकांसमोर तोंडावर म्हणाला, "चोराला माल पचला नाही, म्हणून परत करायला आला होता." लेलँडनं हातातलं पोतं खाली ठेवलं आणि निघून गेला. पुन्हा त्या दुकानात त्यानं पाऊल टाकलं नाही. गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा आणायलासुद्धा तो पस्तीस मैलांवरच्या गावी जातो. हॉगनांचं आणि क्रेब्जचं एकमेकांकडे जाणंयेणं त्या दिवशी संपलं ते संपलंच.

आणि लेलँड दारात उभा होता तेव्हा आर्डिस आत स्वयंपाकघरात होती. तो खरं बोलतोय हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं होतं. ती बाहेर आली नाही. नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून गप्प बसली, आणि मग अकरा वर्षं गप्पच राहिली.

जोलीन शोधत आली. तिनं कालवड पाहिली, पलीकडची गाय पाहिली, आणि तिला समजायला वेळ लागला नाही.

"आई, दोन दिवस ती गाय ओरडेल आणि गप्प होईल. लेलँडला वाटेल लांडग्यानं नेलं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"आणि बाबांचं काय? तू जाऊन सांगितलंस की अशी चूक होऊ शकते, तर बाबा खोटे पडतील. आता ते उत्तर द्यायलाही नाहीत."

हे मात्र आर्डिसला लागलं. आयनारवर तिचा जीव होता, आजही त्याचा कोट दाराशी टांगलेला आहे. 

"तुझे बाबा चुकले होते," ती म्हणाली. "खोटं मी वागले. मला ठाऊक होतं." मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. "तो टीव्हीतला म्हातारा जमिनीसाठी माणसं मारतो आणि आपण त्याला शूर म्हणतो. मला नुसतं शेजाऱ्याच्या दारापर्यंत जायचंय, तर पाय उचलत नाहीत. गाडी आण."

कालवड गाडीत घालून ती गेली. लेलँड अंगणात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. पंचाहत्तरीचा, वाळलेला, मिशा पांढऱ्याफेक. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"लेलँड, माझ्या हातून तुझी कालवड डागली गेली. मी थांबले नाही. आयांकडे जाऊ दिलं नाही. कॅमेऱ्यासाठी घाई केली."

त्यानं दोन टाके घातले. "तू घाई केलीस? तू?"

"मीच. माझ्यातली कुठलीही कालवड निवड."

"मला माझीच दे."

कालवड खाली उतरवली. गाय तिकडून धावतच आली, आणि कालवड अशी काही प्यायला लागली की दोघंही ते बघत राहिले. लेलँड वाकून तिच्या मांडीकडे बघायला लागला. "डाग सरळ उठलाय," तो म्हणाला. "आयनारचा वाकडा यायचा." मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आर्डिसनं लिहून दिलं: कालवड एक, काळी, हॉगनांचा डाग, मालक लेलँड क्रेब्ज. खाली सही केली. काम झालं होतं, पण ती निघेना.

"अकरा वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा मी आत होते. सगळं ऐकलं मी. तू चोर नव्हतास, हे मला तेव्हाही माहीत होतं."

लेलँडचा चेहरा कठीण झाला. "इथं कशाला सांगतेस? इथं ऐकायला मी आणि कोंबड्या. त्यानं मला दुकानात म्हटलं होतं."

"शनिवारी दहा वाजता दुकानात गर्दी असते," आर्डिस म्हणाली. "तेव्हा जाते."

त्यानं खोगीर पुन्हा मांडीवर ओढलं आणि सुई हातात घेतली. ती घरी आली.

शनिवारी तिनं इस्त्रीचा शर्ट घातला. जोलीन बरोबर येते म्हणाली, तिला घरीच ठेवलं. दुकानात नऊ-दहा जण होते, पेंडीची पोती, पावसापाण्याच्या गप्पा, कॉफी. बाई, मालिकेत तुम्ही कधी दिसणार, असं एकदोघांनी विचारलं. आर्डिस गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली, तोंड लोकांकडे केलं.  दोन्ही हातांनी तिनं मागची गल्ल्याची कड घट्ट धरून ठेवली होती.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी इथं माझ्या नवऱ्यानं लेलँड क्रेब्जला चोर म्हटलं. लेलँड चोर नव्हता. झालेली चूक सांगायला तो आपल्या पायांनी आमच्या दारात आला होता. मला ते माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. परवा माझ्या हातून त्याची कालवड डागली गेली. त्यानं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही."

कुणी कप खाली ठेवला, कुणी टोपी काढली. कुठं बघावं ते कुणालाच कळेना. तेवढ्यात मागून, दारापाशी रचलेल्या मिठाच्या विटांकडून आवाज आला. लेलँड आत येऊन उभा होता. कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं.

"मोठ्यानं बोल, आर्डिस," तो म्हणाला. "इथवर नीट ऐकू येत नाहीये."

सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. आर्डिसनं गल्ल्याची कड सोडली, ताठ उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आयनारचं नाव घेऊन, दारापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या आवाजात.