शालीत गुंडाळलेले पीठ

आज सकाळी आंबलेल्या पिठाचा वास आला आणि चेन्नईच्या अण्णा नगरातला माझा पहिला रविवार आठवला. एकटीच्या जेवणाचा आठवडाभराचा तक्ता मी प्रयोगासारखा आखला होता. तो फसला, तर सोमवारपासून डबा लावायचा, असे ठरवले होते. शनिवारी रात्री पुण्याच्या सवयीने डोशाच्या पिठाचे पातेले शालीत गुंडाळले. सकाळी पीठ उतू जाऊन ओट्यावरून ओघळत होते.

तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरमालकीण मंगळाबाई डोकावून हसल्या, “अगे, मद्रासांत पिठाला शाल? त्याला पंखा लाव!”

उरलेल्या पिठाचे त्यांनी कांदा घालून उत्तप्पे केले. तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. आता वाटते, तक्त्यात केवळ इथले तापमान धरायचे राहिले होते.

चौथा उत्तप्पा खाताना मी डब्याचा विचार सोडला.