पडद्यानं गिळलेला अनुस्वार

"हा अनुस्वार कुठे गेला?" सरांनी पडद्यावर बोट आपटलं. 'शाळांना'च्या जागी 'शाळाना' दिसत होतं. समोर एका शाळेचे तीन ट्रस्टी बसलेले. सर त्यांच्याकडे वळून हसले. "काय करणार, मळ्यातून थेट कॉम्प्युटरवर येतात ही माणसं. घरी सगळं हाय-नाय."

तिघंही हसले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. गंगापूर रोडवरच्या त्या कंपनीत शाळांसाठी मराठी धडे टाइप करायची. कंपनी सरांची.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षा. रोज घरून एक पान शुद्धलेखन लिहून आणायचं, सगळ्यांसमोर उभं राहून दाखवायचं. मी लिहिलं. आठ दिवस. आई झेंडूच्या माळा ओवताना बघायची. एकदा म्हणाली, "एवढी शिकली, अन् परत पाटी गिरवाया लावली का गं तुला?"

मी पुढची ओळ लिहायला घेतली.

नवव्या दिवशी तोच धडा छापून काढला. कागदावर अनुस्वार होता. ठसठशीत. मी बरोबरच टाइप केलं होतं. पडदा तो गिळत होता.

सरांपुढे कागद धरला. त्यांनी बघितलाही नाही. "यंत्राला नावं ठेवू नकोस. पान लिहिलंस का आजचं?"

त्यानंतर बूड टेकवेना. जेवणाच्या सुट्टीत भिंग घेऊन पडद्याला डोळे लावायचे. पडदा म्हणजे बारीक चौकटींची जाळी. अक्षर लहान केलं की ठिपका दोन चौकटींच्या मधे पडायचा, अर्धा वर, अर्धा खाली. फिका होऊन नाहीसा. फॉन्ट खुला होता, कुणीही उघडून दुरुस्त करावा असा. मी उघडला. कुठल्या आकाराला ठिपक्यानं नेमकं कुठं बसायचं हे फॉन्टमध्येच लिहून ठेवता येतं, त्याला हिंटिंग म्हणतात. एकेका चौकटीत लाल, हिरवी, निळी पट्टी असते, त्या वेगवेगळ्या उजळल्या की काना धारदार दिसतो, हेही तेव्हाच कळलं. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत गेले. फॉन्ट सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती पाठवली. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी घेतली. सोबत नोंद, दुरुस्ती कुणी केली त्याची. माझं नाव.

दुरुस्त फॉन्ट टाकल्यावर ऑफिसातल्या पडद्यांवर अनुस्वार दिसायला लागले. ट्रस्टी पुन्हा आले तेव्हा सर म्हणाले, "आमच्या कंपनीनं केलंय हे." ते गेल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझं नाव काढायला सांग त्या फॉन्टवाल्यांना. कंपनीचं टाक."

"चुकलं तेव्हा नाव माझं होतं," मी म्हणाले. "आता बरोबर आलं तर कंपनीचं?"

"नोकरी करायचीय ना?"

"नाही."



त्याच दुपारी निघाले. एक जुना कॉम्प्युटर घरी आणलाय. अजून 'द्य' आणि 'द्व' पडद्यावर एकसारखे दिसतात. रफार वेलांटीत बुडतो. एकेक अक्षर उघडणार आहे मी. आणि प्रत्येक दुरुस्तीखाली माझं नाव लिहिणार आहे. पूर्ण. आडनावासकट.