क्वांटमवाल्या सरांचे आभार

सरांच्या व्याख्यानानंतर त्यांचे आभार मानायचं काम मी मागून घेतलं होतं. मी शिकवते त्या सेनगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आभारप्रदर्शन कुणालाच नको असतं. तोवर लोकांचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं, खुर्च्या सरकायला लागतात. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही त्यांच्याच विद्यार्थिनी ना? मग तुम्हीच माना." त्या आठवड्यात मी इतकी खुशीत होते की आईनं विचारलं, "काहून गं, बदली झाली का जवळ?"

हे सर एम.एस्सी.ला आमचे विभागप्रमुख होते. क्वांटम मेकॅनिक्स तेच शिकवायचे. शिकवायचे म्हणजे फळ्यावर समीकरण सोडवायचे आणि पुसून टाकायचे. मी आखाडा बाळापूरची, आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. समीकरण मला सुटायचं. पण ते सुटल्यावर जगात नेमकं काय घडतं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून सेमिनारला मी तोच विषय घेतला: गणित एकच असताना शास्त्रज्ञ त्याचे इतके वेगळे अर्थ का लावतात.

त्यासाठी मी एक उदाहरण शोधलं होतं. पाटाच्या पाण्यात मधे दगड आला की पाणी दोन्ही बाजूंनी जातं, पण त्यावर तरंगणारं पान कुठल्या तरी एकाच बाजूनं जातं. एका मतानुसार इलेक्ट्रॉन त्या पानासारखा असतो आणि त्याला नेणारी लाट पाण्यासारखी. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं. आईबरोबर भुईमुगाचं रान भिजवताना मी ते तासन्‌तास पाहिलं होतं.

सरांनी मला तिथेच थांबवलं. "हे भौतिकशास्त्र नाही, गप्पा आहेत. तुम्ही लोक नोकरीसाठी येता, तेवढ्यापुरतं शिका. बसा."

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे सगळ्या वर्गाला कळलं. मागून कुणीतरी हसलं. मी बसले.

मी हे विसरले नाही, आणि विसरावं असं मला कधी वाटलंही नाही. नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली. तो राग मात्र मी नीट सांभाळून ठेवला.

निवृत्त झाल्यावर सर वक्ते झाले. 'क्वांटम आणि मनाची शक्ती' असे त्यांचे फलक हिंगोलीत लागायला लागले. एकदा मी मुद्दाम ऐकायला गेले. सभागृह भरलेलं होतं. "आता शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो," असं म्हणून त्यांनी पाट काढला, दगड काढला आणि पान सोडलं. माझं पान! बरं, चोरलं ते चोरलं, वर नासवलं. पान कोणत्या बाजूनं जाणार ते पाहणाऱ्याचं मन ठरवतं, असं त्यांनी सांगून टाकलं. निरीक्षक म्हणजे मन, आणि मनात पक्कं धरलं की विश्वाला तसंच वागावं लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण जवळच्याच गोरेगावची एक हुशार मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांनी तिला सरांच्या शिबिरात घातलं. डोळे मिटून निकाल बघायचा, मेडिकलला नंबर लागलेला बघायचा, असं तिथं रोज करून घेत. तिचा नंबर लागला नाही. सरांनी वडिलांना सांगितलं, "शास्त्र चुकत नाही. तिच्या मनात शंका होती. तिनं अपयश पाहिलं, म्हणून अपयश आलं." त्यानंतर पोरगी बोलायचीच बंद झाली. वडील तिला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा ती बाहेरच्या पायरीवरच माझ्या दाराकडे पाठ करून बसली.

मग मीच प्राचार्यांना सुचवलं, सरांना आपल्याकडे बोलवू या. बापलेकीला मी पुढच्या रांगेत बसवलं.

सर दीड तास बोलले. पान पुन्हा सोडलं. मग मी माईकपाशी गेले.

"सरांचे आभार," मी म्हणाले. "पाटातल्या पानाचं उदाहरण मी सेमिनारला दिलं होतं, तेव्हा सरांनी मला खाली बसवलं होतं. इतकी वर्षं त्यांनी ते लक्षात ठेवलं, त्याबद्दल विशेष आभार. फक्त ते जरा उलटं झालंय, तेवढं सरळ करते."

चहाकडे निघालेले लोक थांबले. सर हसले, पण ओठांपुरतंच.

मी सांगितलं, दोन फटी असलेल्या पडद्यावर एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर पलीकडे हळूहळू पट्टे उमटतात, जणू प्रत्येक जण दोन्ही फटींतून गेला. कोणत्या फटीतून गेला हे टिपणारं यंत्र लावलं, की पट्टे नाहीसे होतात. "आणि हे यंत्र लावून सगळे जेवायला गेले, खोलीत एकही माणूस नसला, तरी पट्टे जातातच. तिथं कुणाचं मन असतं?"

मग मी सगळे पक्ष मांडले. एक पक्ष म्हणतो, मोजण्याआधी इलेक्ट्रॉन कुठं होता हे विचारूच नका, यंत्र दाखवतं तेवढ्याचंच बोला. दुसरा म्हणतो, तो नेहमी एकाच जागी असतो, लाट त्याला नेते; पान त्यांचं आहे, आणि त्या पानाला कुणाच्या मनाशी घेणंदेणं नाही. तिसरा म्हणतो, जे जे घडू शकतं ते सगळंच घडतं, जगाच्या फांद्या फुटतात आणि आपण एका फांदीवर असतो. चौथा म्हणतो, लाट आपली आपणच कधीतरी कोसळते. मनामुळे घडतं असं म्हणणारेही थोडे होऊन गेले. पण मनात धरू तेच घडेल, असं त्यांच्या गणितातही कुठं निघत नाही.

"सर, यातलं तुमचंच बरोबर हे ठरवणारा प्रयोग कोणता?"

सर म्हणाले, "मॅडम, ही वेळ नाही."

"तेव्हाही नव्हती, सर."

पुढच्या रांगेतून मुलीचे वडील उठले. "मॅडम, मंग माह्या पोरीनं मनात वाईट आणलं म्हून तिचा नंबर लागला न्हाई, हे शास्त्रात न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. "कुठंच न्हाई."

ते सरांकडे वळले. "मंग तुमी तिला तसं काहून सांगितलं?"

मुलीनं वडिलांचा हात धरून त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला, पण ते बसले नाहीत. शेवटी सरच उठले, चहा न घेता गाडीत जाऊन बसले. त्यांची शाल टेबलावरच राहिली. ती द्यायला कुणी धावलं नाही.

प्राचार्य माझ्याशी पुढं महिनाभर कामापुरतंच बोलले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्या आभारांइतकं गोड मला आयुष्यात क्वचितच काही लागलं असेल.

पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. सर जिथं जिथं बोलून गेले, तिथं तिथं मी सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. गोरेगावला मी शाळेत बोलले, बाळापूरला आमच्या बुद्धविहारात बोलले. कधी वीसेक माणसं यायची, कधी चारच. मी त्यांना सगळे पक्ष सांगायचे आणि शेवटी सरांचं नाव घेऊन सांगायचे की ह्यांनी काय सांगितलं आणि ते कसं खोटं आहे.

एक दिवस सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"माझं उदाहरण माझं आहे, एवढं स्टेजवरून सांगा. आणि त्या मुलीच्या घरी जाऊन या."

"इतक्या लहान गोष्टीसाठी इतका त्रास?"

मी फोन ठेवला. ते मुलीकडे गेले नाहीत, स्टेजवरून बोललेही नाहीत. मुलगी मात्र आता हिंगोलीला फिजिक्समध्ये बी.एस्सी. करतेय आणि जगाच्या फांद्यांवरून माझ्याशी कडाकडा भांडते.

सरांचे क्वांटमचे फलक हळूहळू उतरले. परवा जीपमधून नवा दिसला: 'स्मरणशक्ती वाढवा'. स्मरणशक्तीतलं मला काही कळत नाही. वाचायला घेतलंय.