जास्तीची घागर
फिनेलचा वास आला की लातूरचा तो दवाखाना आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, दुष्काळ होता, पाणी टँकरचं. पाळीच्या आधी मला उगाच रडू यायचं, जीव घाबरायचा. आमच्या लिंगायत घरात विटाळ पाळत नसत, त्यामुळे माझी पाळी कुणाला कळायची नाही. सासूबाईंनीच मला त्या दवाखान्यात नेलं, पण वेडी म्हणून माहेरी धाडतील, या भीतीनं मी मनाच्या डॉक्टरीणबाईंपुढं गप्पच बसले. शेवटी सासूबाई बोलल्या, "पाळी आली की ही धुण्याला एक घागर जास्त मागती. घागर मागितली की हिचं रडणं थांबतं. मी कवापासून बघायलेय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे वेड नाही. रडू यायला लागलं की इथं येऊन बोलायचं." बाहेर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मलाबी असंच व्हायचं. मला कुणी आणलं न्हाई."